दोन रुपयांचा तांदूळ आणि न उच्चारलेली जमीन

निवडणुका जवळ आल्या की भांडवली वृत्तपत्रांना सरकारी तिजोरीची एकाएकी काळजी वाटू लागते. विधानसभेच्या एखाद्या उमेदवाराने स्वस्त धान्याचे, निवृत्तिवेतनाचे किंवा शेतीपंपाच्या विजेचे आश्वासन दिले की ‘खैरात’, ‘मतांची खरेदी’, ‘उधळपट्टी’ असे शब्द अग्रलेखांतून बरसू लागतात. जुलै २०२२ मध्ये खुद्द पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘रेवडी संस्कृती’विरुद्ध देशाला इशारा दिला. त्यांच्याच सरकारने जानेवारी २०२३ पासून सुमारे ८१ कोटी लोकांचे रेशनवरील धान्य मोफत केले आणि जानेवारी २०२४ पासून ती योजना आणखी पाच वर्षांसाठी वाढविली! दुसऱ्याने दिली तर रेवडी, आपण दिले तर गरीब कल्याण, असा हा न्याय आहे.

या ढोंगाचा समाचार घेणे सोपे आहे. परंतु कष्टकरी मतदारापुढचा खरा प्रश्न तेथे संपत नाही. उमेदवाराच्या धोरणविषयक भूमिकांची पारख कशी करावयाची? तो काय देऊ म्हणतो एवढ्यावरून, की तो कशाविषयी मौन पाळतो यावरूनही? या प्रश्नाचे उत्तर ज्या राज्याने आपल्या अनुभवातून दिले, ते राज्य म्हणजे आंध्र प्रदेश.

१९७८ ते १९८३ या पाच वर्षांत दिल्लीच्या हुकमाने आंध्रमध्ये चार काँग्रेसी मुख्यमंत्री झाले. या अपमानाची चीड जनतेच्या मनात धुमसत असताना मार्च १९८२ मध्ये चित्रपट अभिनेते एन. टी. रामाराव यांनी तेलुगू देशम पक्ष स्थापन केला. अवघ्या नऊ महिन्यांनी, जानेवारी १९८३ च्या निवडणुकीत, गुडिवाडा व तिरुपती अशा दोन मतदारसंघांतून ते उमेदवार म्हणून उभे राहिले. तेलुगू स्वाभिमानाची घोषणा त्यांच्या मुखी होतीच. पण सभांना लोटणारा शेतमजूर केवळ पडद्यावरचा कृष्ण पाहावयास येत नव्हता. दोन रुपये किलो तांदूळ, शाळकरी मुलांना दुपारचे जेवण, स्त्रियांना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा आणि भ्रष्टाचाराचे निर्मूलन या मागण्या त्याच्या घरच्या होत्या.

काँग्रेसवाल्यांनी काय केले? आधी त्यांनी या तांदळाची टवाळी केली. मग मते सरकू लागलेली दिसताच निवडणुकीच्या तोंडावर विजयभास्कर रेड्डी सरकारने स्वतःच एक रुपया नव्वद पैसे किलोने तांदूळ जाहीर केला! जे अर्थशास्त्र दोन रुपयांना अशक्य ठरवीत होते, ते दहा पैसे कमी घेऊन एका रात्रीत शक्य झाले. मतदारांनी या चलाखीला योग्य उत्तर दिले. २९४ पैकी २०० हून अधिक जागा जिंकून तेलुगू देशम सत्तेवर आला.

रामाराव सरकारने जे केले त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. १९८३ मध्ये दोन रुपये किलोचा तांदूळ प्रत्यक्ष रेशनच्या दुकानात आला. १९८४ मध्ये वंशपरंपरेने गावाची दप्तरे बळकावून बसलेली करणम-मुन्सफांची व्यवस्था रद्द झाली. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क देणारा कायदा आंध्रने १९८६ मध्ये केला. देशाच्या कायद्यात ही सुधारणा व्हावयास २००५ साल उजाडावे लागले. ऑगस्ट १९८४ मध्ये राज्यपाल रामलाल यांनी हे सरकार बडतर्फ केले, तेव्हा देशातील सारी लोकशाही शक्ती त्याच्या पाठीशी उभी राहिली आणि महिन्याभरात दिल्लीला माघार घ्यावी लागली. हे सर्व इतिहासात जमा आहे.

पण त्या जाहीरनाम्यात एक शब्द ठळकपणे गैरहजर होता, आणि तो शब्द होता जमीन. ज्या तेलंगणात १९४६ ते १९५१ या काळात शेतकऱ्यांनी जमिनीसाठी हाती शस्त्र घेतले, त्या राज्याचा हा त्राता कमाल जमीनधारणेच्या कायद्याच्या अंमलबजावणीविषयी, शेतमजुराच्या मजुरीविषयी आग्रहाने काहीच बोलत नव्हता. हे मौन अपघाती नव्हते. कृष्णा-गोदावरीच्या कालव्यांवर आणि हरितक्रांतीवर पोसलेला, शेतीतला नफा चित्रपटधंद्यात, गिरण्यांत व कंत्राटांत गुंतविणारा धनिक शेतकरीवर्ग हा नव्या पक्षाचा कणा होता. मजुराला स्वस्त तांदूळ मिळण्यास त्याची हरकत नव्हती, कारण त्या तांदळाचे बिल सरकार भरत होते. मजुराने मान वर करावी, हे मात्र त्याला चालणार नव्हते. १७ जुलै १९८५ रोजी प्रकाशम जिल्ह्यातील कारमचेडू गावात जमीनमालक जातीच्या जमावाने दलित वस्तीवर हल्ला चढविला. सहा दलित मारले गेले आणि वाचलेल्यांना चिराला येथे आश्रय घ्यावा लागला. रेशनकार्ड त्यांच्याही घरी असेल. त्या कार्डाने त्यांचे प्राण वाचविले नाहीत.

नोकरदारांनाही लवकरच अनुभव आला. सत्तेवर येताच सरकारने निवृत्तीचे वय ५८ वरून ५५ वर आणून हजारो कर्मचाऱ्यांना घरी बसविले. पुढे ते पुन्हा ५८ करावे लागले. आणि तांदळाचा पैसा कोठून आला? त्यातील मोठा वाटा अबकारी उत्पन्नाचा होता. ‘वारुणी वाहिनी’ योजनेखाली सरकारी आशीर्वादाने देशी दारूची पाकिटे गावोगाव पोहोचली. बाईच्या पिशवीत रेशनच्या दुकानाने जे घातले, ते दारूच्या दुकानाने तिच्या नवऱ्याच्या खिशातून काढून घेतले.

या लुटीविरुद्ध उठल्या त्या नेल्लोर जिल्ह्यातील खेडूत बाया. साक्षरता वर्गांत एकत्र आलेल्या दुबगुंटा गावच्या स्त्रियांनी १९९२ मध्ये दारूचे दुकान बंद पाडले आणि वणवा राज्यभर पसरला. १९९३ मध्ये काँग्रेस सरकारला देशी दारू बंद करावी लागली. १९९४ च्या निवडणुकीत रामारावांनी संपूर्ण दारूबंदी, पुन्हा दोन रुपयांचा तांदूळ आणि शेतीपंपांना अश्वशक्तीमागे ५० रुपये दराने वीज या घोषणा दिल्या, डाव्या पक्षांशी समझोता केला आणि प्रचंड विजय मिळविला. दारूबंदीची भूमिका उमेदवाराला एका रात्री सुचली नव्हती. ती बायांनी त्याच्या तोंडी घातली होती.

मग काय झाले? ऑगस्ट १९९५ मध्ये चंद्राबाबू नायडू यांनी सासऱ्याला पदच्युत केले. १९९६ मध्ये तांदूळ महागला, विजेचे दर चढले. १९९७ मध्ये दारूबंदी उठली. मागोमाग जागतिक बँकेचे कर्ज आले आणि त्याबरोबर अटीही आल्या. २८ ऑगस्ट २००० रोजी वीजदरवाढीविरुद्ध हैदराबादच्या बशीरबागेत आलेल्या डाव्या पक्षांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. एका सहीने आलेले दुसऱ्या सहीने गेले. जमिनीसारखी, मजुरीसारखी, गावातील सत्तेसारखी जी गोष्ट मुळाशी धरून ठेवते, तिला कोणी हात लावलाच नव्हता.

म्हणून ‘रेवडी’चा आरडाओरडा करणाऱ्यांना प्रथम सुनावले पाहिजे. जाहीरनाम्यातील आश्वासन हा लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याखाली भ्रष्टाचार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच जुलै २०१३ मध्ये म्हटले आहे. आणि तिजोरीची एवढी चिंता असेल, तर सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला, त्या दिवशी ही चिंता कोठे दडली होती? त्या एका निर्णयाने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपये सोडून द्यावे लागतील, हा अंदाज अर्थमंत्र्यांनीच सांगितला होता. कुणा अग्रलेखकाने त्याला रेवडी म्हटले काय? गरिबाच्या ताटातील भात मोजणारे धनिकाच्या ताटाकडे पाहत नाहीत!

पण त्याबरोबर कष्टकऱ्यांनीही आपल्या दारी येणाऱ्या उमेदवाराला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. देणार ते कोणाकडून घेऊन देणार? दिलेले हक्क म्हणून देणार, की कृपा म्हणून? आणि जमीन, मजुरी व गावातील जुलूम यांविषयी तुमची भूमिका कोणती? पहिल्या दोन प्रश्नांना गुळमुळीत उत्तर देणारा तिसऱ्या प्रश्नाला बहुधा पाठच फिरवील. तांदूळ तर घ्यावाच, तो कष्टकऱ्यांच्याच घामाचा आहे. मात्र तो टिकवावयाचा असेल, तर दुबगुंट्याच्या बायांप्रमाणे मतदानाच्या दुसऱ्या दिवशीही संघटित राहिले पाहिजे. ज्या भूमिकेच्या पाठीशी संघटित जनता उभी नाही, ती भूमिका मतमोजणीपुरतीच जिवंत असते.