गाद्या भरल्या, कंठ सुकले!

दुष्काळाने होरपळलेल्या कुळांची कर्जखते ज्यांनी घरातून काढून इंद्रायणीच्या डोहात लोटली, धन ज्यांना गोमांसासमान वाटले, त्या तुकोबांच्या पादुका दर आषाढात बारामतीहून काटेवाडीमार्गे आमच्या सणसरला मुक्कामी येतात. काटेवाडीत परीट बांधव त्यांच्यापुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात, मेंढ्यांचे रिंगण होते, दुसऱ्या दिवशी बेलवाडीत अश्व धावतो आणि त्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी म्हातारीकोतारी माणसे झुंबड करतात. आणि पुढे पावसाळा सरून कारखान्यांचे बॉयलर पेटू लागले, की याच रस्त्याने मराठवाड्यातील हजारो माणसे उचलीच्या कर्जाचे दावे गळ्यात अडकवून बायकापोरांसह ऊस तोडायला येतात. परंतु त्या पादुकांना साक्ष ठेवून तुकोबांचा वारसा सांगणाऱ्या महाराजांपैकी, मठाधिपतींपैकी, हरिभक्तपरायणांपैकी किती जणांनी या दुसऱ्या कर्जाविरुद्ध भर कीर्तनात जीभ उचलली? बोटांवर मोजण्याइतक्यांनीही नाही. हे मौन पाप आहे.

संतपण वंशाने मिळत नाही, फेट्याने मिळत नाही आणि नावामागे लावलेल्या बिरुदाने तर मुळीच मिळत नाही. ज्ञानदेवांना आणि त्यांच्या भावंडांना संन्याशाची पोरे म्हणून समाजाने गावकुसाबाहेर काढले. चोखोबा मंगळवेढ्याच्या गावकुसाखाली गाडले गेले आणि मृत्यूनंतरही त्यांची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली. तुकोबांना वेदार्थ सांगण्याचा अधिकार नाही असे ठरवून त्यांच्या वह्या पाण्यात बुडवायला लावल्या. ही सारी माणसे आपल्या काळातल्या बलवंतांना नडली, त्याचे मोल त्यांनी अंगावर घेतले आणि म्हणूनच तीन-चार, सहा-सात शतकांनंतरही लाखो पावले त्यांच्या मागून चालतात. ज्याच्या बोलण्याने अन्याय करणाऱ्या एकाही यजमानाची झोप उडत नाही, त्याने संतांचा अभंग निरूपणाला घ्यावा कोणत्या तोंडाने?

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर डोलणाऱ्या आमच्या या उसाच्या मुलखात हंगामात एकदा पहाटे फिरून पाहावे. शिवाराच्या कडेला पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या उभ्या असतात. आत उभे राहिले तर डोके छताला लागते. भल्या पहाटे, अजून चांदण्या असताना तिथल्या चुली पेटतात. बाई चार भाकरी थापते, फडक्यात बांधते, झोपेतले पोर काखोटीला मारते आणि दवाने ओल्या झालेल्या फडात उतरते. उसाच्या पात्याने हात चिरतात, त्यावर लावायला तिच्याकडे काही नसते. नवरा तोडतो, ती साळते, मोळ्या बांधते, मग तीच मोळी डोक्यावर घेऊन, एकेक पाय टाकीत, अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढते. आणि तिचे तान्हे बांधावर, वाढ्यांच्या ढिगाशेजारी, जुन्या लुगड्याच्या झोळीत रडून रडून झोपी गेलेले असते. त्याच्याहून मोठी बहीण त्याला सांभाळते. तिचे वय शाळेत जाण्याचे असते, आणि शाळा तिच्या गावी राहिलेली असते.

या जोडप्याला व्यवहारात नाव नाही. नवरा-बायको मिळून त्यांना एक ‘कोयता’ म्हणतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडीपर्यंत हा कोयता त्याच्या टोळीला बांधलेला. हिशेब मुकादमाच्या वहीत. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. आजारी पडून एक दिवस घरी राहिले तर खाडा, आणि खाड्याचा दंड त्याच उचलीत चढतो. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, फडात ना पाणी ना आडोसा, दुखणी अंगावर काढून काढून जडतात, आणि मग या साऱ्यावर ‘पिशवी काढून टाका’ हा उपाय सांगणारे दवाखाने भेटतात. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील हा प्रकार उघडकीस आला तेव्हा शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. हा दोष एका गावाचा नाही, एका कारखान्याचा नाही. अवघ्या साखरपट्ट्याचा आहे, आणि त्या साखरेचा चहा पिणाऱ्या प्रत्येक घराचा आहे. तेरा हजार लेकी-सुनांची गर्भाशये कोयत्याच्या हिशेबापायी गेली, तुकोबांच्या महाराष्ट्रात गेली, आणि गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांत काल्याची दहीहंडी ठरल्या वेळी फुटत राहिली.

मग त्या सप्ताहांत कानी पडते तरी काय? सुनांच्या वागण्यावर टोमणे, मुलींच्या कपड्यांवर ताशेरे, शिकलेल्या पोरींची नक्कल, आणि या साऱ्यावर मंडपात उसळणारे हशे! 2020 मध्ये तर एका लोकप्रिय कीर्तनकाराने सम तिथीला संग झाला तर मुलगा आणि विषम तिथीला झाला तर मुलगी, असे ‘ज्ञान’ व्यासपीठावरून दिले. त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. त्या एका व्यक्तीशी आमचे वैर नाही. आमचा रोष त्या टाळ्यांवर आहे, त्या मंडपातील हजारो सुशिक्षित श्रोत्यांवर आहे आणि सर्वांत अधिक त्या ज्येष्ठ महाराज मंडळींवर आहे, ज्यांनी आपल्याच पंगतीतल्या माणसाला त्या वेळी थांबवले नाही. कीर्तनकाराने यजमानाच्या घरचे अन्नसुद्धा घेऊ नये असा दंडक तुकोबांनी घालून दिला; आज तारीख देण्याआधी बिदागीचा आकडा ठरतो, आणि तो आकडा मोजणारा यजमान बहुधा तोच असतो ज्याच्या वहीत कुणाची तरी उचल मांडलेली असते. पाकीट घेतलेला हात त्या वहीकडे बोट दाखवील कसा?

‘आम्ही परंपरेने नेमलेले आहोत’ हा दावा जगभर याच रीतीने केला जातो आणि जगभर त्याची हीच गत होते. अमेरिकेतील युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी येथे मॉर्मन पंथाचे पीठ आहे. जोसेफ स्मिथ याने 1830 मध्ये स्थापलेल्या या पंथाचे अध्यक्ष व त्यांच्या भोवतीचे ज्येष्ठ धर्माधिकारी यांना आजही अधिकृतपणे ‘प्रेषित, द्रष्टे आणि साक्षात्कारी’ मानले जाते. ईश्वर त्यांच्याशी बोलतो ही तेथील श्रद्धा आहे. त्या श्रद्धेचा उपहास आम्ही करणार नाही. पण प्रेषिताने काळाच्या पुढे चालावे, ही अपेक्षा तरी रास्त ना? कृष्णवर्णीयांना त्या पंथाने शतकाहून अधिक काळ पौरोहित्य नाकारले. अमेरिकेच्या संसदेने नागरी हक्कांचा कायदा 1964 मध्ये केला. त्या द्रष्ट्यांना ‘सर्व वर्ण समान’ हा साक्षात्कार व्हायला 1978 उजाडले. 1980 मध्ये मार्क हॉफमन नावाच्या भामट्याने पंथाच्या आद्य इतिहासाचे म्हणून बनावट कागद त्यांच्यासमोर ठेवले. तत्कालीन प्रेषितांनी भिंगातून ते न्याहाळले, आणि पुढची काही वर्षे पंथ त्याच्याकडून असे कागद घेत राहिला. खोटेपणा साक्षात्काराने उघड झाला नाही. 1985 मध्ये त्या भामट्याने आपले पाप झाकण्यासाठी बॉम्ब उडवून दोन माणसे मारली, तेव्हा पोलिसांच्या तपासाने तो उघड झाला. आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या भांडवल बाजार नियामकाने पंथाची प्रचंड गुंतवणूक कागदी कंपन्यांआड लपवल्याबद्दल पंथाला व त्याच्या गुंतवणूक संस्थेला मिळून 50 लाख डॉलरचा दंड केला. ईश्वराशी बोलणाऱ्यांना हिशेब लपवावासा वाटला! समाजाचा विवेक पुढे धावतो, कायदा त्याच्या मागून पोहोचतो, आणि ज्यांनी सर्वांच्या पुढे असायचे ते गादीवरचे पुरुष सर्वांत शेवटी येतात.

सातासमुद्रापारच्या या दाखल्यावर मान डोलावून आपल्या दाराकडे पाठ फिरवण्याची सोय मात्र आम्ही कोणाला ठेवणार नाही. तुकोबांच्या वह्या जिने तारल्या असे आपण मानतो, त्या इंद्रायणीवर आळंदीत वारीच्या दिवसांत विषारी फेस तरंगतो आणि त्या फेसात वारकरी डोळे मिटून बुडी मारतो. काही वारकऱ्यांनी याविरुद्ध आवाज उठवला, त्यांना आमचा दंडवत. पण ज्यांच्या एका शब्दावर लाखो लोक थांबतात त्या फडप्रमुखांनी आणि संस्थानप्रमुखांनी ‘नदी स्वच्छ झाल्याखेरीज पालखी हलणार नाही’ असे एकदा तरी सरकारला बजावले का? जादूटोणाविरोधी कायद्याची कथा याहून काळी आहे. नरबळी, अघोरी उपचार, भोंदू बाबांकडून होणारी लूट यांना रोखणारा हा कायदा. ज्या तुकोबांनी अंगात येणाऱ्यांना आणि नवसाच्या बाजाराला आयुष्यभर झोडपले त्यांच्याच नावाने चालणाऱ्या काही संघटना त्या कायद्याच्या आड उभ्या राहिल्या, वर्षामागून वर्ष गेले, मसुदा झिजत गेला. आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात, या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या देहात गोळ्या शिरल्या तेव्हा कुठे अवघ्या काही दिवसांत अध्यादेश निघाला. एका माणसाचे रक्त सांडेपर्यंत धर्माच्या रक्षकांना धर्म कळला नाही.

हे अशक्यप्राय अपेक्षेचे ओझे आहे, असे कोणी म्हणू नये. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले, तेव्हा गावात त्यांना जागा मिळणे कठीण झाले होते; त्या वेळी तनपुरे महाराजांनी आपल्या मठाचे दार उघडले. बडव्यांचा रोष, सनातन्यांचे शिव्याशाप, स्वतःच्याच पंथातल्या माणसांचा दुरावा, सारे समोर दिसत असताना उघडले. दहा दिवसांनी मंदिर खुले झाले. मठ काय करू शकतो, ते त्या एका दाराने दाखवले. आणि गाडगेबाबा! त्यांनी गादी घेतली नाही, शिष्य केला नाही, पाया पडणाऱ्याला काठी दाखवली. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात उभे करून विचारायचे, कर्ज काढून लग्न का करता, देवापुढे बकरे का मारता, पोराला शाळेत का घालत नाही? लोकांनी ओतलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या, स्वतःच्या बायकोमुलांना त्यातला कोपरा मिळाला नाही, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हाती सोपवली. 1956 च्या डिसेंबरात हा माणूस गेला. त्यांचा झाडू आज राज्यातले पुढारी जयंतीला छायाचित्रापुरता हाती धरतात; त्यांचे प्रश्न विचारायला कोणीच पुढे येत नाही.

आणि आम्ही बागाईतदार, आम्ही सणसर-भवानीनगर-लासुर्ण्याची ‘वारकरी’ गावे? पालखीच्या दिवशी दाराशी रांगोळी काढतो, दिंडीला पिठले-भाकरी वाढतो, अनोळखी वारकऱ्याचे पाय गरम पाण्याने शेकतो, माळकऱ्याच्या मुखाने विठ्ठल जेवला म्हणून डोळ्यांत पाणी आणतो. ते पाणी खोटे नाही. पण चार महिन्यांनी आपल्याच फडात उतरलेल्या बाईने प्यायला पाणी मागितले तर तिला विहिरीकडे हात दाखवतो, तिच्या पोराला ओसरीवर येऊ देत नाही, तोड लवकर मिळावी म्हणून तिच्याच टोळीला रात्री-बेरात्री जुंपतो. आषाढातला विठ्ठल कार्तिकानंतर कोपीत राहायला आला, आणि आपण त्याला ओळखलेही नाही. महाराजांना आम्ही बिघडवले. गोड ऐकायचे होते, त्याचे पैसे मोजले, गोड ऐकायला मिळाले.

म्हणून आता स्पष्ट मागणे. आमच्या तालुक्यातील प्रत्येक सप्ताह समितीने यंदा बिदागी, मंडप आणि भोजनावळीचा खर्च गावच्या फलकावर मांडावा आणि त्यातला निम्मा हिस्सा फडावरच्या मुलांच्या साखरशाळेला, फडातल्या बायकांसाठी पाण्याच्या टाकीला आणि फिरत्या शौचालयाला द्यावा. देहूकर मंडळींनी आणि फडकऱ्यांनी पालखी सणसरला असेल त्या रात्रीच्या कीर्तनात उचल, खाडा आणि काढलेली गर्भाशये यांवर बोलावे. समोर कारखानदार बसलेले असोत, आमदार बसलेले असोत, मुकादम बसलेले असोत, त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलावे. आणि हंगाम सुरू झाला की हरिभक्तपरायण म्हणवणाऱ्या प्रत्येकाने एक रात्र टोळीच्या कोपीपुढे, बिदागीविना, टाळ-मृदंगासह उभे राहावे. तुकोबांनी कर्जखते का बुडवली हे तेथे, त्या उचलीत बुडालेल्या माणसांना आणि त्यांच्या मुकादमांना एकत्र बसवून सांगावे. येत्या गळीत हंगामात कोण कोणत्या कोपीवर गेले, याची नोंद आम्ही ठेवू आणि ती नावानिशी छापू. कोणीच गेले नाही, तर ती जागा कोरी छापू.