जज्जसाहेबांचा एकच दोर

१९७२ चा एक इंग्रजी सिनेमा आहे, ‘द लाइफ अँड टाइम्स ऑफ जज रॉय बीन’. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन, जज्ज झालाय पॉल न्यूमन. वेस्टर्न आहे, पण फाशीवर इतकं हसवणारा सिनेमा क्वचितच सापडेल.

गोष्ट साधी. टेक्सासच्या ओसाड गावात बीनला लुटतात, गळ्यात दोर घालून घोड्यामागे फरफटवतात. तो वाचतो, परत येऊन सगळ्यांना गोळ्या घालतो आणि त्याच गुत्त्यात स्वतःच जज्ज होऊन बसतो. कालचे दरोडेखोर त्याचे मार्शल. खटला दोन मिनिटांचा, निकाल ठरलेला. आपण हसतो.

त्यात एक प्रसंग आहे. चिनी माणसाचा खून केलेला आरोपी म्हणतो, चिन्याला मारू नये असं पुस्तकात कुठं लिहिलंय? बीन म्हणतो, कायद्यापुढं सगळे सारखे, आणि त्याला लटकवतो. बघणाऱ्याला वाटतं, व्वा! याला म्हणतात न्याय.

इथंच मेख आहे राव. रॉय बीन हा खरा माणूस, १९०३ साली वारला. टेक्सासच्या लँगट्री गावात दारूही विकायचा आणि निवाडेही करायचा. त्याची प्रसिद्ध आख्यायिका बरोबर उलटी आहे. पुस्तक चाळून तो म्हणाला, चिन्याला मारायला बंदी दिसत नाही, आणि खुनी सुटला. बाहेर आरोपीचे दोस्त जमले होते म्हणे.

म्हणजे गुत्ता तोच, पुस्तक तेच, जज्ज तोच. सिनेमात फाशी, आख्यायिकेत सुटका. मधे फरक फक्त मर्जीचा. वर अपील नाही, आरोपीला वकील नाही. असल्या कोर्टात न्याय झालाच तर तो नशिबानं.

हे टेक्साससाठी लिहीत नाहीये. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादला बलात्कार आणि खुनाचे चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सुप्रीम कोर्टानं आपल्या मराठी न्या. विकास सिरपूरकरांचा आयोग नेमला. २०२२ मध्ये अहवाल आला: मारायच्या हेतूनंच गोळ्या झाडल्या, आणि चौघांतले तिघे अल्पवयीन होते. तेव्हा फुलं उधळणारे कुठं होते?

कोर्टात तारखांवर तारखा पडतात, पीडितेच्या आईबापाची उमेद संपते, हे बातम्या करताना रोज बघतो. तो राग खरा आहे. त्यावर उपाय म्हणून जादा न्यायाधीश मागा, लवकर तपास मागा, साक्षीदारांना संरक्षण मागा. ‘भर चौकात लटकवा’ म्हणणं म्हणजे बीनच्या हातात दोर देणं.

सिनेमा जरूर बघा, पोटभर हसा. फक्त प्रत्येक फाशीनंतर एकदा विचारा, हा माणूस निर्दोष असता तर इथं कळलं असतं का?