सातबाऱ्यावरची सही आणि बहिणीचें नांव

घरबसल्या पंधरा रुपयांत सातबारा मिळूं लागला, त्यावर डिजिटल सहीही आली. आतां जमिनीच्या भांडणांचें मूळच उपटलें, असा जयघोष आमच्या सुशिक्षित मित्रांच्या मुखीं नित्य ऐकूं येतो. २०१८ सालापासूनची ही सोय उत्तम आहे. तलाठ्याच्या दारांत ज्यानें दिवस काढले आहेत, तो तिची थट्टा करणार नाहीं. परंतु सहीनें उतारा अस्सल ठरतो, उताऱ्यांतील मजकूर नव्हे, एवढा साधा विवेक या जयघोषांत कोठें आहे?

सातबारा हा मुळीं महसुली दप्तराचा कागद. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचें १५७ वें कलम त्यांतील नोंद खरी असल्याचें, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरतें; याहून अधिक कांहीं नाहीं. फेरफाराच्या नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालय वारंवार बजावीत आलें आहे. तरी लोकव्यवहारांत मालकीचा दाखला म्हणून मिरवतो तो सातबाराच!

आणि तो शोधावयाचा कसा? जिल्हा, तालुका, गांव, मग गट क्रमांक किंवा खातेदाराचें नांव. म्हणजे जो दप्तरांत आहे, त्यालाच दप्तर ओळखतें. बाप वारल्यावर भावांनीं वारसनोंदींत जिचें नांव गाळलें, त्या बहिणीनें कितीही शोध केला, तरी स्वतःचें नांव तिला सांपडावयाचें नाहीं. १९५६ च्या कायद्यानें मुलीला बापाच्या मिळकतींत वाटा दिला, २००५ च्या दुरुस्तीनें ती वडिलोपार्जित मिळकतींतही मुलाच्या बरोबरीस आली. पण वारस कोण, हें तलाठ्याला सांगतो अर्जदार भाऊच. चावडीवर नोटीस लागते, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहिली जाते. सासरीं नांदणाऱ्या बाईनें माहेरची चावडी वाचावी कधीं? (आमच्या घरच्या उताऱ्यावरही आत्याचें नांव नाहीं, आणि पन्नाशी उलटेपर्यंत आम्हीं तो उघडून पाहिलाही नव्हता.)

न्यायालय खुलें आहेच, असें यावर उत्तर मिळतें. दिवाणी दावा चालविण्याचें बळ जिच्याजवळ आहे, तिला आमच्या वकिलीची गरज नाहीं. इतरांसाठीं आमचें मागणें थोडकें आहे. वारसनोंद मंजूर करण्यापूर्वीं प्रत्येक मुलीला तिच्या राहत्या पत्त्यावर नोटीस पोंचली पाहिजे; आणि ज्यांचे नुसते क्रमांक उताऱ्यावर असतात, ते जुने फेरफार मृत बापाच्या नांवावरून तिला शोधतां आले पाहिजेत.