आधी अपवाद वाचा, मग आगाऊ रक्कम भरा

वसईतून पवित्र भूमीच्या यात्रेला जाणाऱ्यांचे प्रवास विमे मी उतरवून देतो. यात्रेकरू बहुतेक साठीच्या पुढचे. बेथलेहेम, नाझरेथ, जेरुसलेम एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पैसे साठवलेले असतात. टूरच्या पत्रकात ‘विम्यासह’ छापलेलं दिसलं की सगळे निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा घातक आहे.

प्रवास विमा मुख्यतः परदेशातला दवाखाना, हरवलेलं सामान, पासपोर्ट यांसाठी असतो. युद्धामुळे झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसींच्या अपवादांत मोडतं. सरकारने जाऊ नका म्हटलेल्या ठिकाणी गेलात, तर अनेक कंपन्या क्लेम नाकारतात. शिवाय बेथलेहेम इस्रायलमध्ये नाही, वेस्ट बँकेत आहे. पॉलिसीवर नुसतं ‘इस्रायल’ असेल, तर तिथे संरक्षण मिळेल का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

परवा एका मावशींच्या अर्जात ‘आधीचे आजार’समोर ‘नाही’ लिहिलेलं होतं आणि पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. हप्ता वाढू नये म्हणून मुलाने तसं भरलं होतं. मी अर्ज नव्याने भरायला लावला. तिकडे पक्षाघात झाला असता, तर दवाखान्याचं बिल त्या मुलाच्याच गळ्यात पडलं असतं.

जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्ध पेटलं आणि तिथली विमानसेवा बंद पडली. ‘ऑपरेशन सिंधू’त इस्रायलमधल्या भारतीयांना रस्त्याने जॉर्डन आणि इजिप्तमध्ये नेऊन तिथून विमानाने आणलं. अशा वेळी दूतावासाकडे तुमचं नाव आधीच असायला हवं. तेल अवीवचा दूतावास आणि रामल्लातलं भारताचं प्रतिनिधी कार्यालय, दोन्हींचे फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. मोबाइलची बॅटरी संपते. गाझातून रॉकेट सुटल्याचा भोंगा वाजला, तर जेरुसलेममध्ये आसरा गाठायला जेमतेम ९० सेकंद मिळतात. म्हणून हॉटेलात शिरताच आसऱ्याची खोली विचारा आणि तिथपर्यंत एकदा स्वतः चालून बघा. दुखऱ्या गुडघ्यांना किती वेळ लागतो, ते तेव्हाच कळेल.

माझं मागणं टूरवाल्यांकडे आहे. यात्रेची बैठक भरते, तेव्हा आगाऊ रक्कम घेण्याआधी तीन गोष्टी मराठीत लेखी द्या: विम्यात काय बसत नाही, सरकारने मनाई केली तर किती पैसे परत मिळतील आणि विमानं बंद पडली तर बाहेर कसं काढणार. जो आयोजक हे लिहून देत नाही, त्याच्या हाती आपल्या आईवडिलांना सोपवू नका.