पाटीवरचे चौकोनी अक्षर

वाशी, तुर्भे किंवा कोपरखैरणे येथे पत्ता सांगायचा तर सेक्टर आणि प्लॉट नंबर सांगावा लागतो. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर आखून वसवले. येथे नवखे गिऱ्हाईक आकडा आणि पाटी वाचतच दुकानापर्यंत येते. म्हणून पाटीवरचे अक्षर ही शोभेची नव्हे, धंद्याची बाब आहे.

2022 च्या कायदा दुरुस्तीने राज्यातील लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षर इतर लिपीतील अक्षरापेक्षा लहान चालत नाही. अनेकांनी नियम पाळला, पण कसा? इंग्रजी नाव रेखीव, सरळ रेषांचे. आणि मराठी मिळेल त्या फॉन्टमध्ये, उभे ताणून उंची भरलेले. असे ताणले की शिरोरेषा जाड होते, उभे दंड बारीक राहतात आणि अक्षर बेडौल दिसते.

मराठीत तशी अक्षरे मिळत नाहीत, ही सबब आता चालणार नाही. इंडियन टाइप फाउंड्रीने 2014 साली 'राजधानी' हा फॉन्ट खुला केला. त्याची देवनागरी सत्या राजपुरोहित यांची, तर रोमन शिवा नल्लापेरुमल यांची. वळणे चौकोनी, अंग सडपातळ, जणू ड्रॉइंग बोर्डावर पट्टीने आखलेले. गोलाई हवी असेल तर 'पॉपिन्स' आहे; त्याची देवनागरी निनाद काळे यांनी केली. दोन्ही धंद्यात विनामूल्य वापरता येतात.

गॅरेज, वर्कशॉप, ट्रान्सपोर्ट, इलेक्ट्रिकचे दुकान, प्लॉटचा आकडा, यंत्रावरची पट्टी येथे चौकोनी अक्षर शोभते आणि अरुंद जागेत मावते. मात्र बारीक अक्षरातील लांब मजकुराला ते वापरू नये. घ आणि ध, भ आणि म यांत फरक शिरोरेषेतील छोट्या फटीचाच. लहान आकारात ती बुजते. उर्दू नाव लिहायचे तर नस्तालीकची तिरपी लय या चौकटीत कोंबू नका. चौकोनीच हवे असेल तर कुफीची परंपरा आहे. इराणात विटांनीही ती इमारतींवर रचली गेली.

आपल्या पेंटर बांधवांचे काम फ्लेक्सने हिरावले, हे खरे. पण यंत्र दिलेले तेवढेच कापते. अक्षर निवडणे, दोन अक्षरांतले अंतर राखणे, जोडाक्षर तुटणार नाही हे पाहणे, यासाठी नजर लागते. कारागिरांनी या नजरेचा मोबदला वेगळा मागावा आणि व्यापाऱ्यांनी तो खळखळ न करता द्यावा. पाटी कापण्यापूर्वी नाव खऱ्या मापात कागदावर छापून भिंतीला लावा आणि रस्त्याच्या पलीकडून वाचून पाहा. तेथून वाचता आले नाही, तर त्या पाटीवरचा खर्च वाया गेला असे समजा.