भूगोल आणि पुरातत्त्व एकत्र शिकायचंय? बारसूच्या सड्यावरून समजून घ्या, गरज का आहे

2023च्या उन्हाळ्यात राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, गावकऱ्यांनी विरोध केला आणि 'कातळशिल्पं' हा शब्द राज्यभर पोहोचला. त्याआधी वर्षभर, 2022मध्ये, कोकणातल्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला होता. त्यात बारसूही आहे.

ही शिल्पं किती जुनी? ठाम उत्तर नाही. उत्खननात मातीच्या थरांवरून काळ ठरवता येतो, पण सड्यावर माती जेमतेम असते. शिल्पांत हत्ती आणि गेंडाही दिसतो. गेंडा आज कोकणात नाही. मग तेव्हा पाऊस किती होता, गवताळ भाग कुठे होता, समुद्र किती आत किंवा बाहेर होता, जांभा दगड किती वेगानं झिजतो? शिल्प पुरातत्त्वाचं, पण हे सगळे प्रश्न भूगोलाचे.

पुणे जिल्ह्यात याची जुनी उदाहरणं आहेत. घोड नदीकाठच्या इनामगावचं उत्खनन डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात केलं. इसवी सनापूर्वी 1000च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांची घरं लहान होत गेली, गाव गरीब झालं. कारण म्हणून अभ्यासकांनी बोट दाखवलं ते कोरड्या होत गेलेल्या हवामानाकडे. कुकडीकाठच्या बोरी इथला वाद तर आणखी मोठा. तिथे दगडी हत्यारांसोबत ज्वालामुखीची राख मिळाली. ती सुमारे 14 लाख वर्षं जुनी असल्याचं आधी मांडलं गेलं. नंतर काहींनी ती सुमात्रातल्या टोबाच्या 74 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचं म्हटलं. हत्यार तेच, पण राखेनं त्याचं वय लाखो वर्षांनी इकडचं तिकडे होतं.

आता प्रवेशाचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार एक मेजर आणि एक मायनर विषय घेता येतो, म्हणजे कागदावर ही जोडी जमते. अडचण अशी, की मायनर निवडायला तो विषय महाविद्यालयात शिकवणारं कुणी हवं. भूगोल बऱ्याच ठिकाणी आहे. पदवीला पुरातत्त्व शिकवणारी महाविद्यालयं मात्र मोजकीच. जाहिरातीत दिसणारं स्वातंत्र्य तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत बरंच आटतं.

सध्या त्यातल्या त्यात सरळ वाट अशी: पदवीला भूगोल, त्यात जीआयएस, दूरसंवेदन आणि भूरूपशास्त्र नीट शिकायचं. मग पुरातत्त्वात एमए. डेक्कन कॉलेजात त्यासाठी कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. सरकारी पुरातत्त्व खात्यांत जागा थोड्या असतात, हे मात्र आधीच माहीत असलेलं बरं. जीआयएस येणाऱ्याला नगररचना किंवा पाणलोटाच्या कामातही मागणी असते.

दरम्यान सड्यांवर चिरेखाणी सुरूच आहेत. कोकणातली बरीच शिल्पं स्थानिक हौशी शोधकांनी पायी फिरून, गुराख्यांना विचारत शोधली. नकाशावर नोंद नसलेलं शिल्प खाणवाल्यालाही दिसत नाही आणि तलाठ्यालाही.