नव्याचे नऊ दिवसही नाहीत

दसऱ्याला घरात नवी वस्तू यावी, हा आपल्याकडचा जुना संकेत. त्या संकेताला जागून गेल्या दसऱ्याला मी नवा मोबाईल घेतला. 22 हजार रुपये मोजले. सौभाग्यवतींनी त्याला हळदकुंकवाचे बोट लावले, वर झेंडूचे फूल ठेवले. पाचव्या दिवशी, कोजागरीच्या रात्री, कपाटात ठेवलेला जुना मोबाईल मी पुन्हा बाहेर काढला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझ्या वाट्याला तेवढेही आले नाहीत.

वास्तविक जुना मोबाईल बिघडलेला नव्हता. सहा वर्षांच्या सेवेने त्याची बॅटरी थकली होती, काचेचा एक कोपरा उडाला होता, इतकेच. परंतु एके सकाळी बँकेचे अ‍ॅप उघडेना. तुमच्या मोबाईलमधील प्रणाली जुनी झाली आहे, असा संदेश आला. चौकशी केली तेव्हा कळले की, उत्पादक कंपनीने त्या मोबाईलला नव्या प्रणाली देणे तीन वर्षांपूर्वीच थांबवले होते. धडधाकट वस्तू अशी एका रात्रीत निरुपयोगी ठरली. दुकानातला तरुण विक्रेता म्हणाला, “काका, आता हा कशाला दुरुस्त करता? एक्स्चेंजमध्ये देऊन टाका.” त्याने जुन्याची किंमत अकराशे रुपये केली. का कोण जाणे, मी तो दिला नाही.

नव्या मोबाईलची खोकी उघडताच पहिला धक्का बसला. आत चार्जर नव्हता. तो वेगळा विकत घ्यायचा होता. इअरफोनची पिन खोचायला जागा नव्हती, मेमरी कार्डालाही नव्हती. मी कला शाखेचा पदवीधर. यंत्राच्या पोटात काय असते ते मला कळत नाही. पण तीस वर्षांच्या पत्रकारितेतल्या कितीतरी मुलाखती त्या कार्डावर आहेत, आणि त्या कानाला लावून ऐकत कागदावर उतरवणे हा माझा नित्याचा व्यवसाय आहे, एवढे कळते. जुन्या कीबोर्डाने सहा वर्षांत माझी मराठी आत्मसात केली होती. ‘किंबहुना’ची पहिली दोन अक्षरे लिहिताच तो शब्द पुढे करी. नवा भलतेच काही सुचवतो. शिवाय न मागितलेले खेळ आणि न मागितलेल्या जाहिराती आहेतच.

हेही मी सोसले असते. परंतु कोजागरीला गच्चीवर दुधाचा प्याला हातात घेऊन बसलेल्या आईचे छायाचित्र काढले आणि पाहतच राहिलो. वयाची चौऱ्याऐंशी वर्षे ज्या चेहऱ्यावर उमटली आहेत, त्यावरच्या सुरकुत्या कॅमेऱ्याने परस्पर पुसून टाकल्या होत्या. त्वचा गुळगुळीत, गोरी, अनोळखी. चेहरा सुंदर करण्याची ही सोय मुळातच चालू ठेवलेली असते, हे मुलाने नंतर दाखवले. आईने ते छायाचित्र पाहून विचारले, “ही कोण रे?” त्याच क्षणी मी कपाटाकडे गेलो.

या प्रसंगाचा सगळा दोष कंपनीच्या माथी मारणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. विक्रेत्याने कॅमेऱ्याच्या भिंगांची संख्या सांगितली तेव्हा मीही भुललोच होतो. कार्यालयातल्या तरुण सहकाऱ्यांसमोर उडालेल्या कोपऱ्याचा मोबाईल काढताना मला संकोच वाटे. गरज बँकेच्या अ‍ॅपची होती. हौस माझी होती.

एके काळी ही हौस सार्थ होती. 31 जुलै 1995 रोजी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांच्याशी संभाषण केले आणि देशात मोबाईल अवतरला. तेव्हा आलेला फोन घेण्यासाठीही पैसे मोजावे लागत. 2003 मध्ये येणारे फोन विनामूल्य झाले आणि त्याच वर्षी आलेल्या, विजेरी बसवलेल्या नोकिया 1100 ने खेड्यापाड्यातल्या माणसाच्या खिशात जागा मिळवली. पुढे कॅमेरा आला, इंटरनेट आले, नकाशे आले. प्रत्येक नव्या मोबाईलबरोबर काहीतरी खरोखर नवे हाती येत होते. आता हे यंत्र प्रौढ झाले आहे. भर पडते ती थोडी; बदलण्याची घाई मात्र पूर्वीचीच राहिली आहे.

नवे पुरेसे नवे नसेल, तर जुन्याला लवकर जुने ठरवणे सोयीचे पडते. हा केवळ एका चिडलेल्या ग्राहकाचा संशय नव्हे. बॅटरी झिजलेल्या जुन्या आयफोनांची गती आपण कमी करतो, हे अ‍ॅपलने डिसेंबर 2017 मध्ये मान्य केले. मोबाईल अचानक बंद पडू नये म्हणून तसे केल्याचे कंपनीचे म्हणणे होते. पण ग्राहकाला ते सांगितले नव्हते. या प्रकरणी फ्रान्सने 2020 मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला. त्याआधी 2018 मध्ये इटलीने नव्या प्रणालींमुळे जुने मोबाईल मंदावल्याबद्दल अ‍ॅपल आणि सॅमसंग या दोघांनाही दंड ठोठावला होता.

माझ्या बँकेचेही चुकले नाही. सुरक्षेची डागडुजी थांबलेल्या मोबाईलवर पैशाचे व्यवहार करू देणे धोक्याचेच. प्रश्न आहे तो ही डागडुजी तीन वर्षांत का थांबावी, हा. युरोपीय संघाने जून 2025 पासून त्याचे उत्तर कायद्याने दिले आहे. एखाद्या मोबाईलची विक्री बंद झाल्यावरही किमान पाच वर्षे प्रणालीची अद्ययावतता आणि सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग पुरवणे तिथे कंपन्यांवर बंधनकारक आहे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे हे ग्राहकाला गुणांत सांगावे, यासाठी नेमलेल्या समितीने मे 2025 मध्ये अहवालही दिला. पाऊल योग्य दिशेने आहे. पण सुट्या भागांचे आणि प्रणालीचे बंधन आल्याखेरीज ग्राहकाच्या हाती फारसे काही पडणार नाही. मोबाईलची जोडणी आज देशातच मोठ्या प्रमाणावर होते. मग त्याचा अस्सल सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळू नये, हे कोडेच आहे.

तोवर आपल्या हातातही काही आहे. नवा मोबाईल घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. याला किती वर्षे सुरक्षेच्या सुधारणा मिळतील, हे लेखी कुठे आहे? बॅटरी आणि काच बदलायला किती खर्च येईल? आणि तिसरा प्रश्न स्वतःला : जुन्याने जे होत नाही, असे नेमके कोणते काम माझे अडले आहे? हा तिसरा प्रश्न मी विचारला असता, तर निदान 22 हजारांचा मोबाईल घेतला नसता.

कोजागरीनंतरच्या सोमवारी मी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. एका दुरुस्ती करणाऱ्याने अर्ध्या तासात नऊशे रुपयांत जुन्या मोबाईलची बॅटरी बदलून दिली. “अजून तीन वर्षे कुठे जात नाही,” तो म्हणाला. आता बँकेपुरता नवा आणि मुलाखती, लेखन, छायाचित्रे यांसाठी जुना, अशी दोन यंत्रे घेऊन मी हिंडतो. त्या संध्याकाळी आईला पुन्हा गच्चीवर बसवले आणि जुन्या मोबाईलने तिचे छायाचित्र काढले. थोडे धूसर आले आहे. पण या वेळी तिने ‘ही कोण’ असे विचारले नाही.